डेव्हिस कुटुंबाचा मळा अखेर कोणाकडे राहिला?

गृहयुद्धाने अमेरिकेच्या दक्षिणेतील मळेवाले कायमचे धुळीस मिळाले, असे अनेकदा म्हटले जाते. मिसिसिपीतील डेव्हिस कुटुंबाकडे पाहता ते मला अर्धेच खरे वाटते. बंडखोर राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचा थोरला भाऊ जोसेफ १८६२ साली उत्तरेच्या फौजा जवळ येताच मळा सोडून निघाला, तेव्हा अनेक गुलामांनी त्याच्यासोबत जाण्यास साफ नकार दिला. त्याचा वाडा सैनिकांनी जाळला. जेफरसनचे घर मात्र वाचले आणि १८६४च्या ४ जुलैला त्याच्या दर्शनी भागावर ‘जेफने बांधलेले घर’ अशी खोचक अक्षरे झळकली. (बांधले अर्थातच गुलामांनी.) १८६६मध्ये जोसेफने दोन्ही मळे आपलाच पूर्वीचा गुलाम, हिशेबात आणि यंत्रकामात तरबेज असलेला बेंजामिन माँटगोमेरी, याला ३,००,००० डॉलरना उधारीवर विकले. यात औदार्य किती आणि निकड किती, याविषयी मला शंकाच आहे. पुढे पूर आले, कापसाचे भाव उतरले, व्याज थकले; १८७७मध्ये बेंजामिन वारला आणि १८७८मध्ये न्यायालयाचा निकाल जेफरसनच्या बाजूने लागल्यावर १८८१पर्यंत जमीन पुन्हा डेव्हिसांकडे आली. बेंजामिनचा मुलगा आयझाया याने १८८७मध्ये त्याच राज्यात माउंड बायू हे कृष्णवर्णीयांचे गाव वसवले.