मदत हवी आहे : ‘नॅशनल गार्ड’ला मराठीत काय म्हणू?

‘शिकागो ट्रिब्यून’ या अमेरिकी वृत्तपत्राचे पब्लिशर रॉबर्ट मॅककॉर्मिक (1880–1955) यांच्यावर दिवाळी अंकासाठी छोटा लेख लिहितोय. 1911 पासून कंपनीचे अध्यक्ष, 1916 मध्ये इलिनॉय राज्याच्या नॅशनल गार्डबरोबर मेक्सिकोच्या सीमेवर, मग पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्याचे अधिकारी. कांतिन्यी या फ्रेंच गावाची लढाई त्यांच्या मनात इतकी बसली की शिकागोजवळच्या व्हीटनमधल्या आपल्या इस्टेटीलाही त्यांनी तेच नाव दिलं. पुढे जन्मभर ते ‘कर्नल’च राहिले.

अडलंय ते दोन शब्दांवर. ‘नॅशनल गार्ड’साठी आधी ‘गृहरक्षक दल’ लिहिलं, पण वाचणाऱ्याला गणपतीच्या बंदोबस्तातला होमगार्ड आठवणार! ‘राष्ट्रीय सुरक्षा दल’ म्हटलं की काळ्या वेशातले कमांडो. ‘प्रादेशिक सेना’, म्हणजे आपली टेरिटोरियल आर्मी, त्यातल्या त्यात जवळचं वाटतं, कारण एरवी आपला पोटापाण्याचा धंदा करायचा आणि बोलावणं आलं की गणवेश चढवायचा, ही पद्धत दोन्हीकडे आहे. पण गार्ड राज्याच्या गव्हर्नरच्याही हाताखाली असतो, ते यात येत नाही.

दुसरा शब्द ‘पब्लिशर’. ‘प्रकाशक’ म्हटलं की शेवटच्या पानावरची ‘मुद्रक व प्रकाशक’ ही ओळ डोळ्यांपुढे येते. मालक म्हणावं, तर कंपनीत मावसभाऊ जोसेफ पॅटरसन आणि इतर नातेवाइकांचाही वाटा होता.

शब्दकोश पाहून झालेत. तळटीप चालणार नाही, कंस संपादकांना खपत नाहीत. सैन्यातल्या किंवा वृत्तपत्रातल्या कुणी सांगाल का : ‘प्रादेशिक सेना’ चालेल, की सरळ ‘नॅशनल गार्ड’च ठेवू? आणि ‘पब्लिशर’ला काय लिहू?