'आमचं गोकुळ' ग्रुपवर: थॉमस मोर खलनायक कसा?

आत्या: सई, तुझ्या आग्रहाखातर बीबीसीच्या 'वुल्फ हॉल' मालिकेचे चार भाग पाहिले. फार नाराज आहे. थॉमस मोर इतका कुजका, निर्दयी? इंग्लंडच्या राजापुढे, आठव्या हेन्रीपुढे मान तुकवली नाही, 1535 साली कापून दिली त्या माणसाने. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही मुलींना हेच शिकवलं.

सई: आत्या, पण तो लॉर्ड चान्सलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री असताना पाखंडी ठरवून माणसं जिवंत जाळली गेली. त्याने समर्थनही लिहून ठेवलंय.

नानाकाका: शनिवारी श्राद्धाला कोण कोण येणार? आचाऱ्याला आकडा द्यायचाय.

बाळू: आमच्या टीव्हीवर नुसता अंधार. बीबीसीकडेपण लोडशेडिंग? 😄

सई: बाळूदादा, रात्रीचे प्रसंग मुद्दाम मेणबत्त्यांच्या उजेडात घेतलेत. खोलीतला दिवा घालवून बघ.

वहिनी: पहिल्याच भागात नायकाची, हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेलची बायको आणि दोन्ही लेकी साथीत गेल्या. मी तिथेच बंद केलं. 😔

आत्या: लेकी गेल्याचं दुःख मलाही झालं गं. पण पुढे शेकडो मठ बंद पाडले त्याने. छपरांचं शिसंसुद्धा उतरवून विकलं.

अण्णाकाका: एक चांगलं काम विसरू नका. प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवा, हा 1538 चा हुकूम त्याचाच. कुलवृत्तांत करताना कळतं अशा वह्यांचं मोल. आपल्याकडे चार पिढ्यांमागच्या बायकांची नावंच सापडत नाहीत.

मंदाकाकू: अण्णाभावजी, चार पिढ्या कशाला? सासूबाईंचं माहेरचं आडनाव चुकीचं छापलंय. दोनदा सांगितलं.

अण्णाकाका: वहिनी, प्रूफ सर्वांना पाठवलं होतं.

नानाकाका: शनिवार. आकडा. 🙏

अभि (न्यू जर्सी): इथे न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात चित्रकार हॉल्बाइनने काढलेली मोर-क्रॉमवेल दोघांची चित्रं आहेत, शेकोटीच्या दोन बाजूंना. मोरचे खुंट वाढलेले, मखमली बाह्या अशा की हात लावावा. क्रॉमवेल मात्र मुठीत कागद धरून बसलेला, नजर देतच नाही. आत्या, तिथे मी तुझ्या बाजूचा.

बाळू: आपल्या हॉलमध्ये कोणाकोणाचे फोटो समोरासमोर लावायचे? 😄

मंदाकाकू: बाळू, काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हण.

वहिनी: काकू, तो गंमत करतोय. सोडा ना.

सई: पुटनीच्या लोहाराचा पोरगा राजाचा उजवा हात होतो, आणि मूळ कादंबरीची लेखिका हिलरी मँटेल आपल्याला त्याच्या खांद्यामागे उभं करते. मोर त्याला जसा दिसला तसा आपल्याला दिसतो. क्रॉमवेल झालेला मार्क रायलन्स तर बोलण्यापेक्षा ऐकतोच जास्त, बघत राहावं.

आत्या: अभिनयाला शंभर गुण. पण कादंबरी न वाचणारा हाच इतिहास धरून चालेल, ही माझी काळजी आहे. खटल्याशिवाय नुसता कायदा मंजूर करून माणूस दोषी ठरवायचा, हे हत्यार क्रॉमवेलने इतरांवर चालवलं. 1540 मध्ये त्याच हत्याराने त्याचं डोकं उडालं. हेही नीट दाखवायला हवं.

बाळू: आत्या, शेवट फोडलात!!

आत्या: पावणेपाचशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. शाळेत लक्ष द्यायचं होतंस.

सई: ते 2024 च्या दुसऱ्या सिरीजमध्ये आहे आत्या. तीही सहा भागांची.

नानाकाका: शेवटचं विचारतो. शनिवारी किती पानं?

आत्या: नाना, आमची दोन धरा. सई, ती दुसरी कुठे लावायची ते सांग.