गडचिरोलीत बंदुका खाली आल्या. पुढचं ठरवताना तिथल्या बायका कुठे आहेत?

नागनदी (धागाकर्ती)

१ जानेवारी २०२५ ला नक्षलवादी नेता तारक्का शरण आली. जवळपास चार दशकं जंगलात काढलेली बाई. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला तिचा नवरा भूपती, तोही नक्षलवादी नेता, ६० साथीदारांसह शरण आला. दोन्ही कार्यक्रम गडचिरोलीत, मुख्यमंत्र्यांसमोर झाले. नागपुरात हा विषय निघाला की बोलणं शस्त्रांवर आणि बक्षिसाच्या रकमेवर येऊन थांबतं. खरं तर नक्षलविरोधी अभियानाचं कार्यालय आपल्या शहरात आहे, तिकडच्या खटल्यांची अपिलं आपल्या खंडपीठात येतात, जखमी जवानांना हेलिकॉप्टरने आणतात तेही इथेच. म्हणून नागपूरकरांशीच बोलायचं आहे.

पुनर्वसन, भरपाई आणि बेपत्ता माणसांची नोंद, या तिन्हींचे निर्णय जिथे होतात तिथे निम्म्या जागा त्या गावांतल्या बायकांना मिळाल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. शरण आलेल्या, पोलिसांच्या विधवा, आणि ‘खबऱ्या’ ठरवून ज्यांचा माणूस मारला त्या, अशा तिन्ही.

एकच गोष्ट बघा. पोरगी पंधराव्या-सोळाव्या वर्षी दलमसोबत, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीसोबत गेली आणि परत आलीच नाही. आईकडच्या रेशनकार्डावर तिचं नाव तसंच आहे. ते कमी करायचं तर मृत्यूचा दाखला हवा. दाखल्यासाठी सात वर्षं तिची काही खबर नाही हे सिद्ध करायला हवं. आणि ते करायचं म्हणजे ठाण्यात जाऊन, माझी मुलगी दलममध्ये होती, असं आपल्याच तोंडाने सांगायला हवं. कोणती आई जाईल? शरणागतीच्या कोणत्याही आकड्यात ही बाई येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० ला ठराव १३२५ केला. संघर्ष मिटवण्यात आणि नंतरच्या उभारणीत स्त्रियांना बरोबरीने घ्या, असं तो सांगतो. २००७ मध्ये भारताने लायबेरियाच्या शांतिसेनेत फक्त स्त्रियांची पोलीस तुकडी पाठवली, जगातली पहिली. त्याचा मला अभिमान आहे. पण हा ठराव देशात राबवायचा राष्ट्रीय आराखडा आपल्याकडे आजही नाही. लायबेरियातल्या बायकांसाठी जे केलं ते गडचिरोलीतल्या भामरागडच्या बायकांसाठी का नको?

टेकडी_रोड

ताई, रेशनकार्डाचा मुद्दा मान्य. बाकी मांडणी पटली नाही.

इथे वाटाघाटी झाल्याच नाहीत. एक बाजू हरली आणि शरण आली. १ मे २०१९ ला, महाराष्ट्रदिनी, गडचिरोलीतल्या जांभुळखेड्यात नक्षलवाद्यांच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला. त्या लोकांशी शांततेचा करार कसला करायचा? ठराव १३२५ हा युद्ध चालू असलेल्या देशांसाठी आहे. आपल्याकडे निवडून आलेलं सरकार आहे, न्यायालयं आहेत, पंचायतीत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. बायकांचं म्हणणं मांडायची जागा आधीच आहे.

आणि बाई म्हटलं की शांतता, हे गृहीतक कुठून येतं? २४ जून २०२३ ला मणिपुरात इथम गावात बायकांच्या पुढाकाराने जमावाने लष्कराला घेरलं आणि पकडलेले १२ सशस्त्र लोक सोडवून नेले. तारक्काही काही भात रांधायला जंगलात गेली नव्हती. ती नेता होती.

खाकी_घर

आमच्या घरात दोन पिढ्यांपासून पोलीस आहेत, म्हणून बोलून राहिली.

नागनदी ताई, तुम्ही तिन्ही बायकांना एका टेबलाशी बसवायला निघाल्या. जांभुळखेड्यात जिचा नवरा गेला तिले विचारलं का? २००९ च्या मे महिन्यात धानोरा तालुक्यात हत्तीगोट्याच्या जंगलात १६ पोलीस मारले, त्यात पाच महिला पोलीस होत्या. त्यांच्या आयांना विचारलं का? ज्या हातानं गोळी चालली त्या हाताशेजारी बसून भरपाईवर बोलायचं, हे कागदावर लिहायला सोपं आहे.

पोलिसाच्या विधवेचं दुखणं वेगळंच असतं. तेरवी होत नाही तर घरात पैशाची बोलणी सुरू होतात. सासरचे म्हणतात, दिराशी लग्न कर, पैसा घरातच राहील. माहेरचे म्हणतात, खातं आमच्या गावच्या बँकेत काढ. पोरगी बावीस-तेवीस वर्षांची, कडेवर लेकरू. अनुकंपाची नोकरी लागली तर ड्यूटीच्या गावी एकटी राहते, त्यावरही लोक बोलतात. सलामी झाली, गाड्या गेल्या, की तिच्याकडे कोणी फिरकत नाही. समिती काढायची असेल तर आधी हिच्यासाठी काढा.

सहजच

टेकडी_रोड, न्यायालयं आहेत हे बरोबर. सलवा जुडूम या छत्तीसगडमधल्या नक्षलविरोधी मोहिमेचे विशेष पोलीस अधिकारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बेकायदा ठरवले. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने म्हटलं, की छत्तीसगडमध्ये १६ स्त्रिया पोलिसांच्या बलात्काराच्या आणि मारहाणीच्या बळी असल्याचं प्रथमदर्शनी दिसतं. पण तिथपर्यंत पोचण्यासाठी त्या बायकांना काय काय सहन करावं लागलं असेल? बोलण्याची जागा असणं आणि तिथे जाऊन बोलता येणं यात फार अंतर आहे.

मोहफूल

मी भामरागडकडची. नोकरीमुळे नागपुरात असते. माडिया माझी घरची भाषा, मराठी शाळेत शिकले.

तुम्ही सगळे दोन बाजू म्हणता. आमच्याकडे एकाच गावातला मुलगा सी-६० मध्ये, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात असतो आणि त्याच गावची मुलगी दलममध्ये. कधी एकाच कुळातली असतात. रात्री दलमवाले येऊन म्हणतात, भात टाक. नाही म्हणायची सोय नसते. सकाळी पोलीस येऊन विचारतात, रात्री कोणासाठी शिजवलं? दोन्ही प्रश्न चुलीपाशी बसलेल्या बाईलाच येतात, कारण पुरुष तोवर जंगलात निघून गेलेले असतात. भांडं किती मोठं घासायला काढलंय यावरून माणसं किती आली होती ते ओळखतात, म्हणून रात्रीच अंधारात भांडी घासून ठेवायची सवय आमच्या आयांना होती. हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून टेकडी_रोड दादा, बाई शांत असते म्हणून तिला बोलवा असं मी म्हणणारच नाही. तिला सगळं माहीत असतं म्हणून बोलवा. कोणाला कोणी का मारलं, जमिनीचं भांडण होतं की खरंच खबरीचा संशय होता, हे गावात बायकांनाच पक्कं माहीत असतं.

पण नागनदी ताई, तुमची समितीही मला नको. ती जिल्ह्याच्या ठिकाणी बसेल, मराठीत चालेल, आणि आमची बाई पाच तासांचा प्रवास करून येऊन मान हलवून परत जाईल. गावातल्या एका बाईला सरकारी गाडीतून नेलं-आणलं तर आजही लोक विचारतात, काय सांगून आली? ‘खबऱ्या’ शब्दाने किती घरं बसली ते आम्ही विसरलेलो नाही. ग्रामसभेत घ्या. सगळ्यांसमोर, आमच्या भाषेत. १९९३ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली ती बायका गावागावांत एकत्र उठल्या म्हणून झाली. जिल्ह्याच्या समितीत चार जणींना बसवून ती झाली नसती.

नागनदी

मोहफूल, तुमचं वाचून मागणी बदलते आहे. नोंद आणि सुनावणी ग्रामसभेत, तिथल्या भाषेत. पण पैसा कोणाच्या खात्यात जाईल, कोणाचं नाव बेपत्तांच्या यादीत चढेल, यावर सही शेवटी जिल्ह्यातच होते. तिथे बाई नसेल तर ग्रामसभेचा ठराव फायलीत पडून राहील. दोन्ही जागा हव्यात.

नागालँडचं उदाहरण यासाठीच डोळ्यांसमोर येतं. नागा मदर्स असोसिएशन १९८४ पासून काम करते. रक्तपात थांबवा म्हणत या बायका भूमिगत गटांशी जाऊन बोलल्या, आणि त्यांचं ऐकलंही गेलं. त्याच राज्यात विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या त्या २०२३ मध्ये, राज्य होऊन ६० वर्षांनी. नगरपालिकेत ३३ टक्के जागा मागितल्या तर २०१७ मध्ये जाळपोळ झाली. भांडण मिटवायला आई चालते, मग कारभारात बसायला का चालत नाही?

टेकडी_रोड, समितीने काय मिळतं त्याबद्दल. उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायकांनी मिळून पक्ष काढला, मतं जेमतेम एक टक्का मिळाली, पण शांततेच्या चर्चेत दोन जागा मिळाल्या. बाकीचे शस्त्रं आणि सत्तावाटपावर बोलत असताना त्यांनी हिंसेत होरपळलेल्यांचे हक्क आणि दोन्ही समाजांच्या मुलांना एकत्र शिक्षण हे मुद्दे लावून धरले. १९९८ च्या करारात ते आले. गडचिरोलीत करार नसेल, पुनर्वसनाचं धोरण तर आहे? दलममध्ये लग्नाआधी पुरुषाची नसबंदी करायला लावत, हे बाहेर आलेल्यांनीच सांगितलं. ती शस्त्रक्रिया उलटवून घ्यायला पोलिसांनी काहींना मदत केली, चांगलंच केलं. पण जिचं मूल होण्याचं वय जंगलातच सरलं तिला काय हवंय, हे धोरणात कुठे आहे? तिथे बाई असती तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता.

खाकी_घर, एकत्र बसायची सक्ती कोणावरच नको. पोलिसांच्या विधवांची सुनावणी वेगळी, आणि आधी.

टेकडी_रोड

मोहफूलताईंचं भांड्यांचं वाचल्यावर बायकांना विचारायला हवं हे मला पटलं. समितीतल्या निम्म्या जागा मात्र अजूनही पटल्या नाहीत. शरण आलेल्या कमांडरला, मग ती बाई असो की पुरुष, भरपाईच्या फायलीवर सही करू देणं मला मान्य नाही. तिने आधी ज्या गावात माणसं मारली गेली तिथे जाऊन ग्रामसभेला उत्तर द्यावं.

मोहफूल

ते चालेल. पण मग पोलिसांनीही यावं. दोघांनाही गावाने विचारायचं आहे.

खाकी_घर

पोलीस आले तर मी स्वतः येईन. वेगळ्या सुनावणीचं बोलल्या ताई, ते कागदावर घ्या, आणि विधवेचं खातं फक्त तिच्याच सहीनं चालेल हे त्यात पहिल्या ओळीत लिहा.

नागनदी

लिहिते. हिवाळी अधिवेशनाआधी निवेदन द्यायचं आहे. मुद्दे तीन: एक, बेपत्तांची नोंद करताना आईला पोलीस ठाण्यात जायला लावू नये, ग्रामसभेसमोरचं निवेदन पुरावा धरावा; दोन, विधवेचं खातं तिच्या एकटीच्या सहीचं; तीन, जिल्हा समितीत निम्म्या बायका. टेकडी_रोड, तिसऱ्यावर तुमचा विरोध आहे हे निवेदनात नोंदवू. पहिल्या दोनवर सही करता का ते सांगा. मोहफूल, पहिला मुद्दा माडियात तुम्हीच लिहून द्या.