मदत हवी आहे : बार्बाडोसमध्ये कुठे जेवावं?

डिसेंबरात आठ दिवस बार्बाडोसला जातोय, मुक्काम सेंट लॉरेन्स गॅपजवळ. आम्ही दोघं, बारा वर्षांचा लेक आणि सासूबाई. सासूबाई माळकरी, म्हणजे अंडंसुद्धा नाही. बाकी आम्ही मासेखाऊ.

शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सचा फिश फ्राय, म्हणजे त्या कोळीगावातली ताज्या भाजलेल्या-तळलेल्या माशांची खाऊजत्रा, ठरलेलाच आहे. पण तिथे नेमकं किती वाजता पोचावं? आणि त्याच धुरात सासूबाईंसाठी काही मिळेल का? मॅकरोनी पाय (चीज घालून भट्टीत भाजलेली मॅकरोनी) चालेल म्हणावं, तर कुणीतरी म्हणालं त्यात अंडं घालतात. कू-कू म्हणजे मक्याच्या पिठाची भेंडी घातलेली उकडच की, ती त्या आवडीने खातील. पण वरची माशाची ग्रेव्ही न घालता नुसती देतात का?

मागच्या वर्षी दुसऱ्या एका बेटावर सगळं-समाविष्ट रिसॉर्ट घेतलं होतं. 'व्हेज' म्हणून रोज उकडलेल्या शेंगा आणि फ्राइज. पाचव्या दिवशी सासूबाईंनी बॅगेतून मेतकूट काढलं, तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून यंदा बाहेरच खायचं.

रास्ता, म्हणजे रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण बिनमांसाचं असतं, तसं ब्रिजटाऊनमध्ये कुठे मिळेल? बटाट्याची रोटी (पोळीत गुंडाळलेली बटाट्याची रस्सेदार भाजी) चांगली कुठली? भाजलेला ब्रेडफ्रूट, म्हणजे आपला नीरफणस, कुठे मिळतो?

लेकाला केन्सिंग्टन ओव्हल बघायचंय, २०२४ चा वर्ल्ड कप तिथेच जिंकला ना आपण! त्याच्या आसपासची साधी टपरी सांगितलीत तरी चालेल. पांढऱ्या टेबलक्लॉथवाली महागडी हॉटेलं नकोत.