घड्याळ वाचता येतं, पण वेळ कळत नाही. काय करावं?

प्रश्न
माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. घड्याळ बरोबर वाचते, "सव्वासात" म्हणून सांगतेही. पण सव्वासात वाजले म्हणजे आता दात घासून झालेले हवेत, हे तिच्या मनात उमटतच नाही. पावणेआठला निघायचं असतं आणि साडेसातला ती एकच मोजा घालून खिडकीपाशी बसलेली असते. मी ओरडते, ती रडते, मग दिवसभर मला चुटपुट लागून राहते. भिंतीवर तक्ता लावला, तो तिनं चार दिवस पाहिला. परवा तिनं विचारलं, "आई, पावणेआठ आठच्या आधी येतात की नंतर?" तेव्हा वाटलं, पाया आपणच कच्चा ठेवलाय.

प्रतिसाद १
ताई, तिचा गोंधळ अगदी साहजिक आहे. कानाला "आठ" ऐकू येतं आणि लहान काटा तर अजून आठवर पोचलेलाच नसतो. माझ्या मुलाला मी शब्द फोडून सांगितला: पावणे म्हणजे पाव उणे, आठाला पाव तास कमी. दीड आणि अडीच मात्र पाठच करून घ्यावे लागले, कारण तो बिचारा "साडेएक" म्हणायचा आणि नियमानं त्याचं बरोबरच होतं.
दुसरं म्हणजे, एका जुन्या घड्याळाची काच काढून आधी सेकंदाचा, मग मिनिटाचा काटा उतरवला. पूर्वीच्या यांत्रिक घड्याळांनाही बहुधा तासाचा एकच काटा असे. १६५६ साली लंबकाचं घड्याळ आलं, नेमकेपणा वाढला आणि त्यानंतर मिनिट काटा रुळला. एकच काटा असला की मूल "काटा सातवरून निघाला, आठजवळ आला" असं बघतं. काटा सातवर आला की आंघोळ झालेली हवी, सात आणि आठच्या मधोमध आला की दप्तर दाराशी. आम्ही दोन महिने एवढंच केलं.

प्रतिसाद २
तक्त्यापेक्षा मोजून बघा. माझ्या मुलीला वाटायचं कपडे घालायला "एक मिनिट" लागतं. घड्याळ समोर ठेवलं, अकरा लागली. दुसऱ्या दिवशी ती आपणहून लवकर उठली असं नाही, पण "अकरा मिनिटं लागतात ना?" असं विचारू लागली.
आणि आपलं "पाच मिनिटांत येते" जपून वापरा. मी ते म्हणायचे आणि वीस मिनिटांनी उठायचे. त्यामुळे पाच मिनिटं म्हणजे किती, हे तिला कळणार तरी कसं? आता मला वीस लागणार असतील तर वीसच सांगते.

मूळ प्रश्नकर्ती
दोघींचे मनापासून आभार. रविवारी मिनिट काटा काढला, तिच्याच हातात दिला. मोजे घालायला चार मिनिटं लागतात, हेही मोजलं. आज साडेसातला दुसरा मोजा पायात होता. निघायला पाच मिनिटं उशीर झालाच, पण कुणी रडलं नाही.