आई एकटी मुंबईहून शिकागोला येतेय, विमानात व्हॉट्सॲप चालेल का?

स्वाती_नेपरव्हिल

नमस्कार मंडळी. माझी डिलिव्हरी जवळ आलीय म्हणून आई पुढच्या महिन्यात इकडे येतेय. सांगलीहून मुंबई, मग कतार एअरवेजने दोहा आणि दोहाहून शिकागो. एकटी, आणि विमानात पहिल्यांदाच. इंग्रजी वाचता येतं, बोलायला लाजते. व्हॉट्सॲप मात्र जीव की प्राण. सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर तिचा फुलांचा फोटो पडला नाही तर बायका घरी डोकावून जातात.

बुकिंगमध्ये वायफायची खूण दिसतेय. भाऊ म्हणतो, पैसे भरले की झालं. नवरा म्हणतो, ते नावालाच असतं. दोघांनाही धड माहिती नाही, आवाज मात्र मोठा. साधा अँड्रॉइड फोन आहे, जिओचं सिम. तिला काय काय शिकवून ठेवू?

रात्रपाळी_सहार

ताई, मी सहारला विमानांच्या देखभालीत आहे, एव्हिऑनिक्स, म्हणजे वायरी आणि डबे. त्या खुणेवर फार विसंबू नका. कित्येक विमानांत वायफाय असतं पण इंटरनेट नसतं. आतल्या आत एक सर्व्हर असतो, त्यावर सिनेमे-गाणी भरलेली. फोन जोडला जातो, काड्या पूर्ण दिसतात आणि मेसेजपुढचं घड्याळ काही हलत नाही. मग माणसाला वाटतं आपलाच फोन बिघडला.

खरं नेट असलेल्या विमानाच्या पाठीवर बहुतेक वेळा एक टेंगूळ दिसतं. त्याच्या आत अँटेना असतो, तो उपग्रहाशी बोलतो. जुन्या पद्धतीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर. सिग्नल तिथवर जाऊन खाली येणार, उत्तर त्याच वाटेने परत येणार, त्यात अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. मेसेजला त्याचं काही वाटत नाही, व्हिडिओ कॉलचे मात्र हाल होतात. स्टारलिंक या उपग्रहावरच्या नव्या नेट सेवेचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात, म्हणून ते झटपट चालतं. कतारच्या बोइंग ७७७ विमानांवर ऑक्टोबर २०२४ पासून तेच बसवायला सुरुवात झाली आणि प्रवाशांना ते फुकट आहे. तेव्हा कंपनी कुठली यापेक्षा विमान कुठलं ते बघा. आदल्या संध्याकाळी बुकिंग परत उघडा, कारण ऐनवेळी विमान बदलतं आणि खूण तशीच राहते.

मुंबईहून निघताना लगेच चालू होणार नाही. आपल्या नियमाप्रमाणे विमान ३,००० मीटरच्या वर जावं लागतं आणि फोन वापरायला परवानगी मिळावी लागते. २०१८ चे नियम येईपर्यंत तर भारताच्या आकाशात हे बंदच होतं, परदेशी विमानंसुद्धा आपल्या हद्दीत शिरली की नेट बंद करायची.

आणि आतली गोष्ट सांगतो. रात्री विमान येतं, लॉगबुकमध्ये क्रूने लिहिलेलं असतं ‘वायफाय चालत नाही’. आम्ही ब्रेकर, म्हणजे त्या डब्याची वीज तोडणारं बटण, ओढतो, थोडं थांबतो, परत दाबतो. बऱ्याचदा तेवढ्यानेच उठतं. नाही उठलं तर नोंद करून काम पुढे ढकलतात आणि विमान वेळेवर सुटतं. इंजिनाच्या बाबतीत असं कुणी करणार नाही, पण नेटसाठी विमान कुणी थांबवत नाही. म्हणून आईंना ‘चालेलच’ असं सांगू नका.

नाना_बाणेर

भावाचं ‘पैसे भरले की झालं’ वाचून हसू आलं. एका दुसऱ्याच कंपनीच्या विमानात (नाव घेत नाही) मी कार्डाचा नंबर टाकला, बँकेने ओटीपी पाठवला आणि माझा फोन एअरप्लेन मोडवर! बायको शेजारून म्हणाली, आता खिडकीतून हात बाहेर काढा.

कतारमध्ये फुकट असेल तर प्रश्नच नाही. पण परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं काढलं तर लक्षात ठेवा: पैसे भरायचे ते जमिनीवर असतानाच भरा, आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, आपल्याकडे ते बहुधा बंदच असतात. एमिरेट्स, सिंगापूर यांची मोफत सदस्यता घेतली की मेसेजपुरतं तरी पैसे न देता भागतं. सदस्य क्रमांक मात्र बुकिंगमध्ये आधीच घालावा लागतो. जिओ-एअरटेलचे विमानातल्या रोमिंगचे पॅक असतात, पण ज्या विमानात स्वतःचा छोटा मोबाइल टॉवर आहे तिथेच ते चालतात. फायदा एवढाच की तिथे एसएमएस येतो, म्हणजे ओटीपीसुद्धा.

मिरजेची_काकू

स्वाती, मी मुलाकडे डॅलसला जाऊन-येऊन असते, म्हणून सांगते. नेटचं सगळं ज्ञान एका बाजूला, आणि एअरप्लेन मोड चालू ठेवून वायफाय परत चालू करणं दुसऱ्या बाजूला. आम्हा बायकांना वाटतं, विमानाचं चित्र दाबलं म्हणजे फोन मेला. आईकडून घरीच रोज करून घे. आणि वायफायला जोडल्यावर नेट सुरू करायचं पान आपणहून उघडलं नाही तर काय करायचं, ते मराठीत कागदावर लिहून पर्समध्ये ठेव. माझ्या मुलाने मला इंग्रजीत लिहून दिलं होतं, ‘ब्राउझर उघड’. अगं, ब्राउझर कुठला?

व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद कर, नाहीतर सगळं नेट कॉलनीची फुलंच खातील. दोहाच्या विमानतळावर मोफत वायफाय आहे, तिथून ‘पोचले’ एवढा निरोप आला तरी तू निवांत. विमान कुठवर आलं ते तुला फ्लाइटरडारवर तुझं तूच बघता येईल, आईला सारखं विचारू नकोस. तिला झोपू दे.

स्वाती_नेपरव्हिल

सगळ्यांचे खूप आभार! आत्ताच बघितलं, दोहा-शिकागो ७७७ दाखवतंय. मुंबई-दोहा मात्र ७८७.

रात्रपाळी_सहार

तो टप्पा जेमतेम चार तासांचा. तिथे नेट नाही असंच धरून चाला, मिळालं तर उत्तम. पुढचे चौदा-पंधरा तास महत्त्वाचे. पण आदल्या दिवशी परत बघायचं विसरू नका.

स्वाती_नेपरव्हिल

हो, बघते. आईला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, कैरीचं लोणचं हातातल्या पिशवीत चालेल का?

मिरजेची_काकू

अजिबात नको! तेल दिसलं की सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. मोठ्या बॅगेत टाक, दोन पिशव्यांत बांधून.