चुसांची अक्षरे हद्दपारीने घडवली, असे म्हणणे कितपत योग्य?

शिलालेखप्रेमी (धागाकर्ता):
कोरियाच्या जोसन राजवटीच्या काळातील विद्वान आणि सुलेखनकार किम जंग-ही (१७८६–१८५६), म्हणजेच 'चुसा', यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण थेट जेजू बेटावर पोहोचतात. दरबारी गटबाजीपायी १८४० मध्ये झालेली हद्दपारी, काटेरी कुंपणातल्या घरात काढलेली वर्षे आणि त्या हालांतून जन्मलेली 'चुसा शैली' अशी ही कहाणी असते. मला ती सोयीची वाटते, पण पुरेशी वाटत नाही. १८०९ मध्ये वडिलांच्या राजनैतिक शिष्टमंडळासोबत बीजिंगला गेलेल्या या तरुणाला तिथे वंग फांगगांग आणि रुआन युआन हे पंडित भेटले, आणि पुराव्यावाचून काही मानायचे नाही ही त्यांची अभ्यासपद्धती त्याने आयुष्यभर पाळली. बुखान पर्वतावरचा शिलालेख एका बौद्ध भिक्षूचा समजला जात होता. तो सहाव्या शतकातील सिल्ला या कोरियन राज्याचा राजा जिनहुंग याचा आहे हे चुसांनी १८१६ मध्ये ओळखले आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन त्यातील ६८ अक्षरे निश्चित केली. (ही नोंद त्यांनी त्याच शिळेच्या बाजूवर कोरून ठेवली, आजचा पुरातत्त्व विभाग हे खपवून घेणार नाही.) त्यांच्या अक्षरांतील जाड-बारीक, ओबडधोबड वाटणाऱ्या रेषांचे मूळ मला प्राचीन हान काळातील चिनी शिलालेखांच्या व्यासंगात दिसते.

कोरडा कुंचला:
असहमत. व्यासंगच निर्णायक असता, तर पन्नाशीपूर्वीच ही शैली पूर्णत्वाला गेली असती. पुढच्या पिढीतील पार्क ग्यू-सू यांनी लिहून ठेवले आहे की समुद्रापलीकडून (म्हणजे जेजूहून) परतल्यानंतर चुसा कोणाच्याही अनुकरणात अडकले नाहीत. १८४४ चे 'सेहानदो' पाहा: एक साधे घर, मोजकी झाडे, जवळजवळ कोरड्या कुंचल्याच्या रेषा. पदच्युत गुरूला बीजिंगहून ग्रंथ पाठवत राहिलेल्या दुभाषी शिष्यासाठी, ई सांग-जोकसाठी, काढलेले हे चित्र दरबारात सुखाने बसलेल्या माणसाच्या हातून उतरले नसते.

वाचक_पुणे:
आपण दोघेही जेजूला तपोवन समजत आहात. तिथून पत्नीला लिहिलेल्या हंगुल लिपीतील पत्रांत खाण्यापिण्याच्या तक्रारी आहेत, आणि १८४२ मध्ये ती वारल्याची बातमी पोहोचण्यापूर्वी तिच्याच नावे पत्र गेले होते. हे दुःख खरे आहे. पण त्यातून अमुक वळणाचे अक्षर निघाले, हे कोणी कसे दाखवणार?

शिलालेखप्रेमी:
माझाही प्रश्न हाच आहे. 'सेहानदो'तल्या एकाकीपणाचा मोठा बोलबाला होतो. पण तेच चित्र ई सांग-जोक यांनी बीजिंगला नेले आणि १६ चिनी विद्वानांनी त्यावर अभिप्राय लिहिले, म्हणजे ज्ञानाची वाट हद्दपारीतही बंद नव्हती. दहा शाई-दगड झिजवले आणि हजार कुंचले बोडके केले, असे चुसा स्वतः एका पत्रात सांगतात. त्या हिशोबात जेजूची वर्षे जरूर मोजावीत, मात्र त्याआधीची तीस वर्षे वजा करू नयेत.

कोरडा कुंचला:
वजा कोणीच करत नाही. साहित्य बीजिंगने दिले, सोडून देण्याचे धैर्य जेजूने दिले. आणि १८५६ मध्ये, मृत्यूच्या तोंडावर, बोंगउनसा मंदिरासाठी लिहिलेल्या 'पानजन' या पाटीची लहान मुलाने काढल्यासारखी अक्षरे पाहता मी दुसऱ्या गोष्टीला अधिक महत्त्व देईन.